पाहुण्यांस वाट दाखविताना

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची जुळवाजुळव चालू असता समितीच्या एका बैठकीत अशी सूचना आली की, महोत्सवाला मुंबई, पुणे, बेळगाव, बडोदे येथून आपली जी कुटुंबे येणार आहेत त्यांच्या सोयीसाठी पेडणे व डिचोली तालुक्यांतील प्रेक्षणीय स्थळांची एक यादी स्मरणिकेच्या शेवटी छापावी. सूचना साधी होती. मुलाबाळांसह आलेली मंडळी दोनचार दिवस धारगळला राहणार. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी कोठे जावे हे सांगणे यजमानाचे कामच आहे. तरीही ह्या एका सूचनेवर बैठक दोन तास चालली, आणि अखेर यादीबरोबर चार शब्द लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. त्याचे कारण आमच्याच रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आहे, ते प्रथम सांगितले पाहिजे.

त्या स्मरणिकेत ‘आसपासची रम्य स्थळे’ ह्या मथळ्याखाली आम्ही अर्धे पान भरले होते. त्यात तालुक्यातील एका गावच्या झरीविषयी सहा ओळी होत्या. गावाचे नाव येथे मुद्दाम गाळले आहे. बसथांब्यावरून कसे जावे, देवळाच्या तळीला कोणत्या हाताने वळसा घालावा, कुळागराच्या गडग्यापासून कोठे उतरावे, हे सर्व आम्ही मोठ्या हौसेने लिहिले आणि शेवटी ‘वनभोजनास उत्तम जागा’ असा शेराही मारला. ती झर राखणदाराच्या जागेला लागून आहे, तेथे चपला काढून जातात, वरच्या कुंडात कोणी हातपाय बुडवीत नाही, हे आम्हांला ठाऊक होते. पण जे आपल्याला ठाऊक ते सर्वांनाच ठाऊक असणार, ह्या समजुतीने ते लिहावयाचे राहून गेले. गावकऱ्यांस आधी विचारावे, हे तर कोणाच्या मनातही आले नाही.

पहिली काही वर्षे काहीच झाले नाही. स्मरणिका वाचतो कोण, असे आपण म्हणतोच. पुढे त्या सहा ओळी कोणीतरी एका पत्रकात उतरून घेतल्या, पत्रकातून त्या फोनवरच्या नकाशात गेल्या, आणि रविवारच्या रविवारी गडग्यापाशी मोटारी उभ्या राहू लागल्या. वरच्या कुंडात साबणाचा फेस दिसू लागला. बाटल्या फुटल्या, आणि त्या काचांवर पाय पडला तो पाणी भरावयास गेलेल्या त्याच गावच्या एका मुलीचा. तिच्या घरचे वृद्ध गृहस्थ आमच्या स्मरणिकेचे ते पान घडी घालून खिशात घेऊन न्यासाच्या कचेरीत आले. ते रागावले नाहीत. पान टेबलावर उलगडून त्यांनी एवढेच विचारले की, तुम्ही आमच्याकडची वाट छापलीत, पण आत कोठवर यावयाचे ते का छापले नाही? आमच्यापैकी जे त्या वेळी हजर होते त्यांना उत्तर सुचले नाही.

ते उत्तर शोधता शोधता आम्ही वाटा दाखविणारी बरीच पुस्तके चाळली. अशी पुस्तके आपल्या भाषेला नवी नाहीत. महानुभावांची स्थानपोथी ही एका अर्थी स्थळदर्शिकाच आहे. चक्रधरस्वामींचे वास्तव्य जेथे जेथे झाले, ती जागा गावाच्या कोणत्या दिशेस, देवळाच्या कोणत्या अंगास, हे तीत बारकाईने नोंदलेले आहे. पण ती वाचून निघणारा मनुष्य नमस्कार करावयास निघालेला असे. जागेशी कसे वागावे हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे. युरोपात एकोणिसाव्या शतकात मरे आणि बेडेकर ह्यांच्या दर्शिका निघाल्या (ह्या जर्मन बेडेकरांचा आपल्या मसालेवाल्या बेडेकरांशी काही संबंध नाही!). मरेची हिंदुस्थानविषयक पुस्तके १८५९ पासून निघू लागली. त्यांचा वाचक यात्रेकरू नव्हता, तो पाहणारा होता. त्याला आगगाडीची वेळ, मुक्कामाचे बंगले, कोणत्या टेकडीवरून देखावा चांगला, हे हवे असे. १९७३ साली सुरू झालेल्या ‘लोन्ली प्लॅनेट’ ह्या मालिकेने हाच धागा कमी पैशांत हिंडणाऱ्या तरुणांपर्यंत नेला. भारतावरील त्यांचे पहिले पुस्तक १९८१ सालचे. आपल्याकडे आनंद पाळंदे ह्यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांनी सह्याद्रीत पायी फिरणाऱ्या कितीतरी मुलांना वाट, पाणी आणि मुक्काम दाखविला.

ह्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. तरी त्यांच्या रचनेतच एक उणीव राहते. पुस्तक लिहिणाऱ्याला प्रत्येक स्थळाविषयी काहीतरी मोहक लिहावेसे वाटते, आणि ‘जाऊ नका’ हे वाक्य मोहक नसते. त्यातून ‘येथे सहसा कोणी जात नाही’ हे विधान दर्शिकेत आमंत्रण होऊन बसते. कोणी जात नाही ते का जात नाही, ह्याची चौकशी करावयाची म्हणजे गावात थांबावे लागते, आणि लेखकाला पुढचे गाव गाठावयाचे असते. पुस्तकाला निदान लेखक असतो, पुढली आवृत्ती असते. चूक कळविली तर दुरुस्त होण्याची आशा असते. फोनवरच्या नकाशात खूण कोणी केली तेच पुष्कळदा कळत नाही.

आता आमच्याच तालुक्यातले उदाहरण घेऊ. धारगळजवळून वाहणारी आपली शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेस मोरजीचा किनारा आहे. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. ओडिशात गहिरमाथा व ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर त्यांची हजारोंची दाटी होते. आमच्याकडे ती एकेकटी येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च ह्या महिन्यांत, आणि बहुधा रात्री. मादी वाळूत हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवून वरची वाळू सारखी करते आणि परत जाते. पुन्हा ती त्या अंड्यांकडे पाहत नाही. पुढचे पन्नासएक दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर असतात. ह्या उबेवरच पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. पिल्ले बाहेर पडतात तीही बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि समोर जी बाजू उजळ व मोकळी दिसेल तिकडे धावतात. हजारो वर्षे ती उजळ बाजू म्हणजे समुद्र होता. आता पाठीमागे खाणावळींचे आणि विश्रामगृहांचे दिवे आहेत. पिल्लू दिव्याकडे निघाले की वाळूतच दमते. सकाळी कावळे, कुत्री आणि ऊन ह्यांच्या तावडीत सापडते.

एके काळी ही अंडी आमच्या बाजारातही विकली जात. हे आपण लपवू नये. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ती खाल्लीही असतील. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत वनखात्याने गावातल्याच लोकांना हाताशी धरून मोरजीस घरटी राखण्याचे काम सुरू केले. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्याचे किनारे कासवांच्या विणीची स्थळे म्हणून नावानिशी नोंदलेले आहेत. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना नुसता उपद्रव देणेही बसते. म्हणजे कुंपणाच्या आत गेलेला चेंडू आणावयास दोर ओलांडून घरट्यावरून चालत जाणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शिकारीच्या आरोपाजवळ जाऊन पोहोचतो! कासव पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा शिक्षाही हलकी नाही. तीन ते सात वर्षांचा कारावास सांगितला आहे.

प्रवासी दर्शिकेत मोरजीविषयी बहुधा एकच वाक्य सापडते: येथे कासवे पाहावयास मिळतात. वाक्य खोटे नाही. पण ते वाचून आलेला मनुष्य रात्री विजेरी घेऊन वाळूत हिंडतो. प्रकाश अंगावर पडला, माणसे भोवती जमली, तर वर येत असलेली मादी अंडी न घालताच पाण्यात परत फिरते. पिल्ले दिसली तर तो एखादे उचलून मुलाच्या तळहातावर ठेवतो आणि छायाचित्र काढतो. हेतू वाईट नसतो. माया असते, म्हणून तर उचलतो. त्याला सांगावयास हवे होते ते असे की, किनाऱ्यावर वनखात्याचे राखणदार असतात, त्यांना आधी भेटावे; दिवा आणि छायाचित्राचा लखलखाट बंद ठेवावा; मादी दिसली तर जागच्या जागी स्तब्ध राहावे आणि तिच्या मागल्या बाजूस असावे; पिल्लांना हात न लावता त्यांची त्यांना चालू द्यावीत; दिवसा मुलांनी वाळूत केलेले खड्डे आणि किल्ले निघण्यापूर्वी सपाट करावेत, कारण वीतभर खोल खड्डा पिल्लाला विहिरीसारखा असतो. चारपाच वाक्ये झाली. दर्शिकेत तेवढी जागा सहज निघाली असती.

असे सांगून पाहुणे नाराज होतात, ही भीती आमच्या बैठकीतही एका सभासदांनी बोलून दाखविली. त्याला उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने दिलेले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने तेथे २००२ साली कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले आणि पुढे गावकऱ्यांच्या साथीने कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवतात, सकाळ-संध्याकाळच्या ठराविक वेळी दोराच्या अलीकडे उभे राहून पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. पुढे सरकलेल्याला मागे घेण्याचे काम गावचीच मुले करतात, आणि लोक ऐकतात. कधी पिल्ले निघतच नाहीत. तेव्हा पाहुणे नुसताच समुद्र पाहून परततात आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतात.

मोरजीला कासवाच्या जिवाचा प्रश्न आहे. पाण्याच्या जागी तो माणसाच्या जिवाचा होतो. हरवळ्याचा धबधबा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. रुद्रेश्वराच्या दर्शनाला गेलेला मनुष्य तो पाहिल्यावाचून परतत नाही. पाहावा जरूर, पावसाळ्यात तर तो पाहण्यासारखाच असतो; पण वरून, कठड्याच्या आत उभे राहून. पडणारे पाणी पायथ्याशी डोह खोदते आणि त्या डोहात वरून कोसळणारी धार मनुष्याला खाली दाबते, भोवऱ्यात फिरविते आणि पुन्हा धारेखाली आणते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून त्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. नदीत चांगले पोहणारा येथे बुडतो, ह्याचे कारण हे आहे. शिवाय पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली चढते. आपल्या डोक्यावर ऊन असताना व्हाळाला लोंढा येऊ शकतो. सत्तरीच्या गुराख्यांना हे कळते. पाणी गढूळ झाले, काटक्या आणि पाला वाहून येऊ लागला, की ते गुरे घेऊन काठ सोडतात. शहरातून आलेल्याला ती काटकी दिसते, तिचा अर्थ कळत नाही.

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोन तरुण बुडाले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागर पाहावयास निघालेले शेकडो लोक आगगाडीच्या रुळांवरून चालत गेले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढावयास लावल्या. ती चित्रे देशभर गाजली. दक्षिण पश्चिम रेल्वेने लोकांना विनंती केली की, दूधसागर गाडीच्या डब्यातून पाहा. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. उठाबशांचे लोकांना हसू आले. आम्हांला त्यात थोडा खेद वाटला, कारण मोठ्या माणसांना शाळकरी शिक्षा देण्याची पाळी येते तेव्हा त्यांना आधी नीट सांगणारे कोणी भेटले होते का, हा प्रश्न उरतोच. रुळांची ती वाट किती पुस्तकांत आणि किती फोनांवर ‘सर्वांत सुंदर पायवाट’ म्हणून वर्णिलेली होती!

ह्या प्रकरणात आणखी एका जागेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, जरी ती निसर्गाने केलेली नाही. आमच्या पेडण्यात जागोजाग चिरेखाणी आहेत आणि डिचोलीत खाणींचे मोठे खंदक. काम थांबले की त्यांत पावसाचे पाणी साचते, कडेने गवत वाढते आणि दोन वर्षांत परक्याला ते तळे वाटू लागते. तळ्याला उतार असतो, चिरेखाणीला नसतो. चिरे सरळ कापलेले असल्यामुळे काठावरून एक पाऊल पुढे पडले की दोन पुरुष पाणी, आणि वर येण्यास पायरी नाही. ह्यांची नावे कोणत्याही दर्शिकेत नाहीत. पण निळेहिरवे पाणी चित्रात फार शोभते. आपल्याच घरची मुले सुटीत तेथे जातात, हे पालकांनी लक्षात ठेवावे. ह्या जागा आम्ही यादीत घेतलेल्या नाहीत, हे काय सांगावे!

आता देवराईविषयी. आमच्याकडे तिला देवाची राय म्हणतात. डिचोलीस लागून असलेल्या सत्तरी तालुक्यात बांबर गावी निरंकाराची राय आहे. रानजायफळाच्या जातीची झाडे तेथे पाणथळ जागेत उभी आहेत. त्यांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि त्या वाटे झाड श्वास घेते. अशी पाणथळ जंगले सह्याद्रीत फार थोडी उरली आहेत. तेथे शंभर माणसे चालून गेली तर झाड तोडावे लागत नाही. चिखल घट्ट होतो, गुडघे मोडतात, खाली पडलेले बी रुजत नाही, आणि वीस वर्षांनी पाहावे तो म्हातारी झाडे उभी, पण तरुण एकही नाही. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. पण फांदीला हात लावावयाचा नाही, वाळकी काटकीही घरी न्यावयाची नाही, हा नियम त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून आपल्या वाडवडिलांनी पाळला. देवाच्या भीतीने पाळला, असे म्हणून तरुण मंडळी हसतात. भीतीने का होईना, राय उभी राहिली.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या सगळ्याच बंद्या सारख्या नव्हत्या. अमुक जातीच्या माणसाने ह्या पाणवठ्यावर येऊ नये, अशाही बंद्या आपल्याच पूर्वजांनी घातल्या होत्या, आणि त्यांत झऱ्याचे वा झाडाचे काही हित नव्हते. त्या मोडल्या हे योग्य झाले. म्हणून आम्ही पारखण्याची एक साधी रीत धरली आहे: बंदी सर्वांना सारखी लागू आहे का, आणि ती मोडली तर जागेचे अथवा जिवाचे काय बिघडेल हे सांगता येते का? कुंडात कोणीच पाय बुडवावयाचा नाही, गावच्या मानकऱ्यानेही नाही, तर ती बंदी पाण्यासाठी आहे असे समजावे.

बेळगावकडून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना वाटेतलेच एक उदाहरण सांगतो. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ, आज भीमगड अभयारण्यात असलेल्या बारापेडे गुहेत एका दुर्मिळ जातीची वटवाघळे राहतात. १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस ह्यांनी ह्या जातीचे वर्णन केले आणि रॉटन ह्यांचे नाव तिला दिले. फार वर्षे असा समज होता की, साऱ्या जगात हे वटवाघूळ ह्या एकाच गुहेत आहे; पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडले. कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. गुहेत विजेरी घेऊन शिरणारा साहसी प्रवासी काही चोरत नाही, काही मोडत नाही. पण पिल्लाला पोटाशी धरून टांगलेली मादी प्रकाशाने बिथरून उडाली तर पिल्लू खाली पडते, आणि खाली पडलेले पिल्लू सहसा वाचत नाही. एवढे एक वाक्य वाचले तर सुबुद्ध माणूस गुहेच्या तोंडाशी थांबेल, अशी आमची श्रद्धा आहे. केवळ ‘प्रवेश बंद’ ही पाटी त्याला थांबवीलच असे नाही. तिच्यामागे काहीतरी पाहण्यासारखे असणार, असेच त्याला वाटते.

जागा काही काळ बंद ठेवल्याने काय होते, हे पाहावयाचे तर थायलंडमधील माया नावाच्या लहानशा उपसागराकडे पाहावे. २००० सालच्या एका इंग्रजी चित्रपटात तो दिसला आणि जगातील प्रवाशांची तिकडे रीघ लागली. दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे एवढ्याशा वाळूत उतरू लागली. नावांच्या नांगरांनी आणि पोहणाऱ्यांच्या पायांनी तेथील पोवळ्यांचा चुरा झाला. जून २०१८ मध्ये सरकारने तो किनारा बंद केला. धंदेवाल्यांनी आरडाओरड केली. तरी तो साडेतीन वर्षे बंद राहिला. नवी पोवळी लावली गेली, काळ्या टोकांच्या पंखांचे लहान शार्क परत आले. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला, पण नावा आता मागल्या बाजूस लागतात, माणसांची संख्या ठरलेली आहे आणि पोहावयास मनाई आहे. लोक अजूनही जातातच.

हे दूरचे म्हणून सोडून देता येणार नाही. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती; २०२४ ह्या एका वर्षात गोव्यात आलेले प्रवासी एक कोटीच्या वर गेले. पूर्वी धारगळ म्हणजे हमरस्त्यावरचे एक गाव; बस थांबे, चार माणसे उतरत, बस पुढे म्हापशाला जाई. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या विमानतळावर विमाने उतरू लागली. आयुर्वेदाची मोठी संस्था धारगळलाच उभी राहिली. २०२४ च्या डिसेंबरात परदेशी संगीताचा जो महोत्सव इतकी वर्षे किनाऱ्यावर गाजत होता तोही येथे येऊन गेला, आणि त्यावरून गावात किती वाद झाला हे सर्वांना ठाऊक आहे. आता परका मनुष्य आपल्या दारात उतरतो. त्याला पहिली माहिती टॅक्सीवाला देतो, हॉटेलातला मुलगा देतो, किंवा आपण देतो. छापील पुस्तक त्याच्या पिशवीत असेल नसेल.

म्हणून यादी करताना आम्ही अशी पद्धत ठेवली. ज्या जागा पुष्कळ माणसांना सहज पुरतात, त्या वाटेसह मोकळेपणाने दिल्या आहेत: पेडण्याची भगवती, हळर्ण आणि तेरेखोलचे किल्ले, मये येथील तलाव, हरवळ्याची लेणी, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली ते नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ. मोरजीपुढे वर सांगितलेली चारपाच वाक्ये छापली आहेत. हरवळ्याच्या धबधब्यापुढे ‘पाण्यात उतरू नये’ एवढेच न लिहिता का उतरू नये ते दोन ओळींत दिले आहे. देवरायांची नावे दिली आहेत, वाटा दिलेल्या नाहीत. ज्याला जावयाचे असेल त्याने त्या गावी जाऊन विचारावे, आणि गावकरी बरोबर येतील तरच आत जावे. ही अट काही सभासदांना जाचक वाटली. आम्हांला ती पाहुण्याच्याही फायद्याची वाटते, कारण रायीतले कोणते झाड कशासाठी राखले हे सांगणारा बरोबर नसेल तर तेथे पाहावयाचे ते काय?

राहता राहिली ती झर. बैठकीतले दोन तास खरे तिच्यावरच गेले. एक पक्ष म्हणाला, नाव गाळा. आपण लिहिले म्हणून हे झाले. दुसरा म्हणाला, आता गाळून काय उपयोग, फोनवर ती आहेच. निदान खरे नियम तरी छापा, म्हणजे येणारा नीट वागेल. दोन्ही म्हणणी आम्हांला पटली. लेखाच्या ओघात आम्ही दुसऱ्याच्या बाजूने पुष्कळ बोललो आहो, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. मग गेल्या खेपेस जे करावयाचे राहिले होते ते केले: आमच्यापैकी तिघेजण त्या गावी गेले. ते वृद्ध गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने आम्हांला झरीवर नेले. गडग्याला आता बांबूचे फाटक आहे, वरच्या कुंडाभोवती चिऱ्यांचा कठडा बांधला आहे, आणि रविवारी गावातली दोन मुले आळीपाळीने तेथे बसतात. ज्या मुलीच्या पायाला काच लागली होती ती लग्न होऊन सासरी गेली. माहेरी आली की अजूनही घागर घेऊन येते, असे त्यांनी सांगितले. पाणी स्वच्छ होते. आम्ही नियम छापण्याचा विचार बोलून दाखविला. त्यांनी घरात जाऊन विचारले, शेजारी दोन घरी जाऊन विचारले, आणि परत येऊन सांगितले की, आणखी पाच वर्षे तरी काहीच लिहू नका.

तेव्हा ती झर ह्या यादीत नाही. यादी पुढील पानावर दिली आहे.